पंधरा गड्यांचं गणित

हिंगोलीत त्या काळी कॉलेज नव्हतं. पण शिरड शहापूरच्या अलीकडे जी लहानशी वाडी आहे, तिथं कुणालाही विचारलं असतं तर सोनाजीचं पोरगं हिंगोलीच्या कॉलेजात आहे, असंच उत्तर मिळालं असतं. सरकारी कागदावर त्या कॉलेजाचं नाव होतं मुअल्लिमांचा वर्ग. खेड्यापाड्यांतल्या शाळांसाठी मास्तर तयार करायचे, एका वर्षात, तेही उर्दूतून. साल १९३७, राज्य निजामाचं, आणि वर्गात अठरा जण. विशी गाठलेले, मिशा फुटलेले, काही तर लग्न झालेले. त्यांतला एक सोनाजीचा संतराम.

वाडीला शाळा हवी होती. तालीम खात्याची, म्हणजे शिक्षण खात्याची, अट साधी होती. गावचा स्वतःचा शिकलेला माणूस असावा आणि मुलं बसवायला छप्पर असावं. छप्पर वाडीने दोन उन्हाळ्यांत उभं केलं. माती वाडीची, लाकूड वाडीचं, पाणी बायकांनी ओढ्यावरून डोक्यावर आणलेलं. आता माणूस तेवढा राहिला होता, आणि तो माणूस म्हणजे संतराम. वसमतला नातेवाइकांकडे राहून त्याने सातवीपर्यंत उर्दू घोकली होती. वाडीत तेवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. परीक्षा पास झाला की शाळा वाडीला, नापास झाला की शेजारच्या गावाला. एवढा सरळ मामला होता.

वर्गाला गणित शिकवायचे विश्वंभरराव. शिकवायचे हा शब्द आपला रिवाज म्हणून वापरायचा. त्यांच्याकडे एक पिवळी पडलेली वही होती, त्यांच्या स्वतःच्या उस्तादाकडून उतरवून घेतलेली. ती डाव्या बगलेत धरून ते फळ्यासमोर उभे राहत आणि उजव्या हाताने आकडे लिहीत. बोलणं फळ्याशीच. एक ओळ लिहून झाली की कोटाच्या बाहीने ती पुसायची आणि त्याच जागी पुढची लिहायची. उत्तर आलं की मागे वळून विचारायचं, "समझे?" उत्तर कुठून आलं हे वहीत नव्हतं, म्हणून ते मास्तरांकडेही नव्हतं. अर्धं आयुष्य असंच गेलं होतं आणि आजवर कुणी त्यांना अडवलं नव्हतं. वर्गातून जो काही गलका होई तो "जी जनाब" एवढाच होई.

आता गंमत बघा. मास्तर एकच, फळा एकच, पुसणारी बाही एकच, आणि अठरा जणांना ती अठरा तऱ्हांनी दिसत होती.

गोपाळ हिंगोलीचाच. त्याचे काका तहसिलीत कारकून आणि घरी दोन पिढ्यांची लिहिण्या-वाचण्याची सवय. मास्तरांना येत नाही हे त्याला पहिल्या आठवड्यात कळलं. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. मास्तर म्हटला की असाच असायचा, घरोघरी मातीच्या चुली. वर्गात मान हलवायची, वही नीट राखायची, आणि खरं गणित संध्याकाळी काकांकडून शिकून घ्यायचं. मास्तरांविरुद्ध तोंड उघडणं त्याच्या घरात चिखलात दगड मारण्यासारखं मानत. शिंतोडा आपल्याच अंगावर येतो, असं काका सांगत.

धर्मसिंग वसमतच्या बाजूचा, शीख. आधीच्या शाळेत एका उस्तादाने त्याच्या कानशिलात अशी लगावली होती की त्या कानाने त्याला अजून कमी ऐकू येई. त्याच्या हिशेबी विश्वंभरराव हा सोन्यासारखा माणूस. "हात उचलत न्हाई, आवाज चढवत न्हाई. अजून काय पायजे?" असं म्हणून तो मागच्या बाकावर ऐकू येणारा कान भिंतीला टेकवून निवांत झोपे.

आणि यावर अली. वडील टपाल खात्यात, हैदराबादेहून बदलून आलेले. यावर उभा राहायचा, हात कपाळाला लावायचा आणि अदबीने म्हणायचा, "जनाब, समझ में नहीं आया. दोबारा फरमाइए." तो ज्या घरात वाढला तिथं उस्तादाला विचारणं म्हणजे उस्तादाला मान देणं होतं, न विचारता बसणारा पोरगा बेअदब. विश्वंभररावांना मात्र तो प्रश्न बाणासारखा लागे. ते म्हणत, "बैठो. आगे आएगा." पुढे काही येत नसे.

यावर असा उभा राहिला की संतरामच्या अंगावर काटा येई. गुरूला अडवायचं? त्याच्या वाडीत बापासमोर सुद्धा कुणी 'काहून' म्हणत नसे. नांगराला जुंपलेला बैल तरी विचारतो का, की तास असाच काहून? संतरामला तर पहिल्या दिवसापासून काहीच समजलं नव्हतं, आणि त्याचं कारणही त्याला ठाऊक होतं: आपलं डोकं जाड. मास्तर तर रोज लिहितात, रोज बोलतात, रोज विचारतात, समझे? याहून त्यांनी काय करावं? पालथ्या घड्यावर पाणी, आणि घडा आपण. वर्गात असं मानणारे आणखी सात-आठ होते, सगळे खेड्यांतले, सगळे शेतकऱ्यांचे. दिवाळीपर्यंत त्यांतले पाच जण गाठोडं बांधून परत गेले. एकानेही तक्रार केली नाही. जाताना मास्तरांच्या पाया तेवढे पडले.

संतराम गेला नाही, कारण त्याच्यामागे ते छप्पर होतं. दिवाळीला तो घरी गेला, तेव्हा आई गोजरबाईने विचारलं, "कसं चाललंय रे लेकरा?"

"डोक्यात शिरून न्हाई राहिलं, माय."

गोजरबाईने थोडा विचार केला. "गुरूची सेवा करतूस का?"

"न्हाई."

"मंग कसं शिरंल? सेवेबिगर विद्या येती व्हय कुठं? इकडं मी सोमवार धरते नागनाथाचे. तिकडं तू सेवा धर."

बापानेही मान डोलावली. संतरामला एकदम मोकळं वाटलं. आपलं चुकत कुठं होतं ते सापडलं होतं. माणसाला आपली चूक सापडल्याचा आनंद फार वाईट असतो, विशेषतः ती चूक आपली नसताना.

तो परत आला तो थेट विश्वंभररावांच्या दारात. दुसऱ्या दिवसापासून सकाळी विहिरीवरून पाणी भरणं त्याच्याकडे लागलं. पिण्याचं, सोवळ्यातलं पाणी मास्तरांची बायको कालिंदीबाई स्वतः आणत; न्हाण्या-धुण्याचे दोन रांजण याच्याकडे. मग लाकडं फोडणं, मग दळण आणणं, मग परसात भिंत लिंपणं. घरून आलेलं तूप आणि हळद मास्तरांच्या ओसरीवर. संध्याकाळी मास्तर जोत्यावर आडवे झाले की तो पाय चेपायला बसे. अभ्यासाला वेळ उरत नसे, पण अभ्यास कशाला लागतो? विद्या सेवेतून येणारच होती. आज नाही तर उद्या.

विश्वंभररावांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी गुरू मानलं होतं. बढतीत तीनदा मागे पडलेला माणूस तो. त्याला ते गोड लागलं. आपल्याला शिकवता येत नाही हे त्यांना मनातून माहीत होतं का? होतं. म्हणून तर हा पोरगा त्यांना इतका हवासा वाटत होता. पाय चेपून घेता घेता ते म्हणत, "संतराम, धीर धर. एकदम उजेड पडेल बघ." एकदाही म्हणाले नाहीत की वही आण, बघू कुठं अडतंय.

एकदा कालिंदीबाईंनी मात्र त्याला विचारलं. तो कळशी रिकामी करत होता. बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"संतराम, तू अभ्यास कधी करतोस रे?"

"ही सेवा हाच अभ्यास जी, वयनी."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. आपला नवरा किती पाण्यात आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? एक शब्द ओठांवर आला असेल. पण विहीर लांब होती, आणि सासू गेल्यापासून पाण्याचा सगळा भार एकट्या त्यांच्यावर होता. "उद्या जरा लवकर ये," एवढं म्हणून त्या आत गेल्या.

माघात यावरने अर्ज लिहिला. मोहतमिम साहेब, म्हणजे तालीम खात्याचे मोठे अधिकारी, यांच्या नावाने. गणित शिकवलं जात नाही, विचारलं तर सांगितलं जात नाही, पाच जण सोडून गेले, मेहेरबानी करून चौकशी व्हावी. स्वतःचं नाव खाली स्वच्छ अक्षरात. मग सह्या घ्यायला तो वर्गातून फिरला. गोपाळने अर्ज शांतपणे वाचला, एक शब्द चुकला होता तो सुधारून दिला, आणि सही न करता परत केला. धर्मसिंग म्हणाला, "याला हाकलून मारकुटा आला मंग? माझा दुसरा कान ऱ्हायलाय अजून." खेड्यातल्या मुलांनी तर कागदाला हातही लावला नाही.

संतरामजवळ यावर मुद्दाम बसला. "तेरे वास्ते बी लिखा हूँ रे. तेरेकू कुछ समझता क्या?"

"न्हाई समजत. पण ते माझ्यामुळं."

"तेरे वजे से कैसा? वो समझातेच नइं."

"यावर, गुरूला नावं ठेवणाराची जीभ झडती," संतराम म्हणाला आणि उठून गेला. संध्याकाळी पाय चेपताना त्याने सगळं मास्तरांना सांगितलं. कुणी लिहिलं, काय लिहिलं, कुणी सही केली नाही. चुगली म्हणून नव्हे हो. सेवा म्हणून.

विश्वंभरराव उठून बसले.  मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू माझा खरा शिष्य. साहेब आले तर सांगशील ना, सगळं समजतं म्हणून?"

"सांगीन की जी."

संतरामच्या डोळ्यांत पाणी आलं. खरा शिष्य. असं त्याला आजवर कुणी काही म्हटलं नव्हतं.

अर्ज एकट्या यावरच्या सहीने गेला, आणि मोहतमिम साहेब तिसऱ्या आठवड्यात आले. शेरवानी, चांदीच्या मुठीची काठी, बरोबर दोन कारकून. माणूस दुष्ट नव्हता, घाईत होता. त्याच दिवशी त्यांना पुढे कळमनुरी गाठायची होती. खुर्चीवर बसून त्यांनी अर्ज मोठ्याने वाचायला लावला. विश्वंभरराव भिंतीशी पांढरेफटक उभे. यावर उठला आणि जे लिहिलं होतं तेच तोंडी म्हणाला, अदब न सोडता.

"गणित तुला येतं?" साहेबांनी विचारलं.

"येतं हुजूर. हैदराबादेत थोरला भाऊ आहे, त्याने शिकवलं. इथे नाही."

"या वर्गात ज्याला काहीच समजत नाही असा कुणी आहे?"

यावरने संतरामकडे बोट केलं. ते बोट करताना त्याला वाटलं, आता या पोराचं भलं होईल. साहेबांनी संतरामला पुढे बोलावलं.

"हा म्हणतो तुला शिकवलं जात नाही. खरं आहे?"

संतरामने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचे ओठ कोरडे पडले होते. चार महिन्यांची सेवा आज कामी येणार होती. तो ताठ उभा राहिला आणि वसमतच्या आपल्या उर्दूत म्हणाला, "नहीं हुजूर. यावर झूट बोलता है. मास्तर साहब बराबर पढ़ाते हैं. मुझे सब समझता है."

 यावर हळूच खाली बसला.

"शाबाश," साहेब म्हणाले. "मग फळ्याकडे जा. वीस गडी एक शेत बारा दिवसांत खुरपतात. तेच शेत पंधरा गडी किती दिवसांत खुरपतील?"

संतरामने खडू उचलला. त्रैराशिकाचा मास्तरांचा नियम त्याला पाठ होता, तेवढा एकच नियम होता: दुसऱ्याला तिसऱ्याने गुणा, पहिल्याने भागा. बारा गुणिले पंधरा, भागिले वीस. नऊ. त्याने नऊचा आकडा काढायला हात नेला आणि हात थांबला.

आतून काहीतरी ओरडत होतं. वयाच्या दहाव्या वर्षापासून तो बापाच्या शेतात खुरपायला बायका मोजून नेत आला होता. पाच बायका आल्या नाहीत तर काम लांबतं, हे त्याला ठाऊक नव्हतं का? माहीत होतं, हाडामांसात होतं. पण ते शेतातलं. हे कॉलेजातलं. शेतातली अक्कल फळ्यावर चालत नाही म्हणून तर वाडीने त्याला इथं पाठवलं होतं! आणि नियम मास्तरांनी दिलेला. आपलं जाड डोकं खरं मानायचं की गुरूचा शब्द? मोठ्या निर्धाराने त्याने नऊ लिहिला, ठळक, आणि मागे वळला.

साहेबांनी भुवया उंचावल्या. "गडी कमी झाले आणि दिवस पण कमी? म्हणजे एकच गडी लावला तर अर्ध्या दिवसात शेत साफ! घरी काय करता?"

"खेती, हुजूर."

दोघे कारकून आधी हसले. मग वर्ग हसला. गोपाळ रुमाल तोंडाला लावून हसला, धर्मसिंग मोकळ्या गळ्याने हसला, आणि ज्यांना स्वतःला उत्तर येत नव्हतं ते खेड्यातले दोघे-तिघे सगळ्यांत मोठ्याने हसले. फक्त यावर हसला नाही. संतराम खडू हातात धरून उभा. कशाला हसताहेत हे त्याला कळत होतं, आणि आपण हे कळूनच लिहिलं, हे कुणाला सांगावं ते कळत नव्हतं.

इथं विश्वंभररावांच्या जिवात जीव आला. बुडत्याला काडी सापडावी तशी त्यांना वाट दिसली आणि ते भिंत सोडून पुढे आले.

"हुजूर, इजाजत असेल तर दुसऱ्याला विचारावं. गोपाळ, उठ."

गोपाळने फळ्यावर जाऊन सोळा लिहिला, सुबक मांडणीसकट.

"तुला कुणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

गोपाळने क्षणभर मास्तरांकडे पाहिलं, क्षणभर संतरामकडे. काकांचं नाव घ्यायचं तर सरकारी कारकून घरी शिकवण्या करतो, असा बोभाटा व्हायचा. मग गोपाळने हात जोडले. "मास्तरांनीच, हुजूर."

"हुजूरच बघताहेत," विश्वंभरराव म्हणाले. आवाज आता चांगला लागला होता. "जे माझी तक्रार करतात त्यांना गणित येतं. गोपाळला येतं. म्हणजे शिकवण्यात खोट असेल तर ती फक्त एका डोक्यापुरती कशी? हा पोरगा चार महिने माझ्या घरी येतो. पोटच्या पोरासारखा वागवला. पण हुजूर, काही काही बियाणंच पोचट असतं. त्याला जमिनीने काय करावं?"

चार महिने घरी येतो, हे खरंच होतं. साहेबांनी मान हलवली, घड्याळ पाहिलं आणि कारकुनाला शेरा सांगितला. अर्ज खोटा. यावर अलीला ताकीद. आणि सदर विद्यार्थी संतराम वल्द सोनाजी मुअल्लिमीस नालायक, नाव कमी करावं. सरकारचा वजिफा, म्हणजे शिकणाऱ्याला मिळणारा पैसा, वाया घालवू नये.

जो बाजूने बोलला तोच कापला गेला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. त्या दिवशी ते अंगण उचलून बाहेर फेकून दिलं.

सगळ्यात वाईट काय असेल तर हे, की संतरामला त्यात अन्याय दिसला नाही. संध्याकाळी तो निरोप घ्यायला मास्तरांकडे गेला आणि पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "तुमचं नाव घालवलं जी मी. माफी असावी." विश्वंभररावांना क्षणभर लाज वाटली, पण फार वेळ टिकली नाही. "जाऊ दे," ते म्हणाले. "शेतीही देवाचंच काम आहे." कालिंदीबाई दाराआड होत्या. त्यांनी चार लाडू फडक्यात बांधून दिले आणि त्याच्याकडे न पाहता विचारलं, तुमच्या वर्गात गरिबाचं दुसरं कुणी आहे का रे, पाण्याला?

सकाळी गाठोडं घेऊन तो औंढ्याच्या रस्त्याला लागला. गावाबाहेर दोन कोस आला असेल, तर मागून सायकलची घंटी. यावर होता, घामाघूम. तो उतरला आणि त्याच्याबरोबर चालू लागला. 

"मैं झूटा नइं हूँ," शेवटी यावर म्हणाला. "ये बताने आया मैं. बैठ जरा."

एका बाभळीखाली दोघे बसले. यावरने विचारलं, "तेरे खेत में बीस औरतां, बारा दिन. एक दिन की एक मजूरी पकड़, तो कुल कितने रोज हुए?"

रोज म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं काम. हा हिशेब संतराम झोपेतही सांगेल. "दोनशे चाळीस रोज."

"काम उतनाच है. अब औरतां पंद्रा आए. दो सौ चालीस रोज पंद्रा में बाँट."

संतरामने बोटांवरही मोजलं नाही. "सोळा दिवस."

"बस. इतनाच था."

इतकंच.  मग यावरने दुसरं गणित घातलं, पाण्याच्या मोटांचं. ते आलं. तिसरं कडब्याच्या पेंढ्यांचं, जरा अवघड. तेही आलं, यावरच्या आधी आलं. बाभळीच्या सावलीत अर्ध्या तासात आठ महिन्यांचं त्रैराशिक त्याला येऊन गेलं.

"देखा? तेरा दिमाग एकदम ठीक है," यावर हसून म्हणाला. "मेरे से तेज."

आणि तेव्हा संतरामला समजलं, सगळं एकदम समजलं. डोकं जाड नव्हतं. सेवा कमी पडली नव्हती. मायचे सोमवार कमी पडले नव्हते. मास्तरांनी एक अर्धा तास दिला असता तर वाडीला शाळा मिळाली असती. आणि तो अर्धा तास मागणाऱ्या एकुलत्या एका माणसाला त्याने भर वर्गात खोटं पाडलं होतं, आपल्या तोंडाने, छाती काढून. असा संताप त्याच्या उभ्या आयुष्यात त्याला आला नव्हता. मास्तर तिकडे हिंगोलीत होते. समोर यावर होता. संतरामने त्याच्या थोबाडीत मारली.

"आधी काहून न्हाई सांगितलंस?" तो ओरडला. "आठ महिने काहून न्हाई सांगितलंस?"

यावरने गाल धरला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "तू कब पूछा रे?" तो म्हणाला. मग सायकल उचलून तो निघून गेला. संतराम त्याला हाक मारणार होता. हाक न मारता त्याने गाठोडं उचललं.

वाडीत पोचला तेव्हा दुसऱ्या दिवसाचं ऊन कलत होतं. मधल्या वेळी गाठोडं घेऊन आलेला पोरगा पाहिला की खेड्याला सगळं कळतं. छपराच्या पुढ्यात माणसं जमली. सोनाजी शेतातून तसाच आला, चिखलाच्या पायांनी.

"काय झालं?"

"नाव कमी केलं."

"काहून?"

वाटभर संतरामने खरं सांगायचं ठरवलं होतं. मास्तरला शिकवताच येत नाही, हे. माझं डोकं ठीक आहे, हे. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न येणार होता: मग साहेबापुढं बोलला काहून न्हाईस? आणि त्याचं उत्तर काय द्यायचं? बोललो की. मीच बोललो. मास्तर चांगला आहे म्हणून मीच सांगितलं, आणि तुमची शाळा माझ्याच जिभेने घालवली. छपरासाठी पाणी डोक्यावर वाहिलेल्या बाया समोर उभ्या होत्या. त्यांच्यापुढं नालायक होणं सोपं होतं.

"माझं डोकंच चाललं न्हाई, बा," तो म्हणाला.

"मास्तरची काई चूक?"

"न्हाई. मास्तर देवमाणूस."

गोजरबाईने पदराने डोळे पुसले. "माझंच कायतरी चुकलं असंल उपासात," ती म्हणाली.  मग जमलेल्या लोकांकडे वळून सोनाजीने सगळ्या वाडीच्या वतीने निकाल दिला. "विद्या आपल्या रक्तातच न्हाई लिहिलेली. ह्यो आपल्यातला सगळ्यात हुशार, त्याला जमंना, तर बाकीच्याची काय कथा? काय रे संतराम, तू तर बघून आलास. खरं का न्हाई?"

संतरामला सोळा दिवस आठवत होते, मोटा आठवत होत्या, पेंढ्या आठवत होत्या.

"खरं हाय, बा," तो म्हणाला.

पुढच्या जूनमध्ये सरकारी शाळा शेजारच्या गावात उघडली, वाडीपासून अर्ध्या कोसावर. वाडीतून एकही लेकरू तिथं गेलं नाही. कुणी फार आग्रह केलाच, तर आयाबाया म्हणत, आमच्यात डोकं न्हाई हो, आमचा संतराम कॉलेजात जाऊन पक्की खातरी करून आलाय.